बीबीसोराचा पाळणा

खुशोब, २० एप्रिल २००४

वन्सं, सलाम.

हसू नकोस. दहावीपर्यंत एका बाकावर बसलो, माझ्या वहीतली गणितं तू उतरवलीस, आणि आता मी तुला वन्सं म्हणायचं, ही सगळी तुझ्या भावाची करणी. तुझं पत्र इबोदच्या जीपमधून पिठाच्या पोत्याखाली दबून आलं. झटकलं तेव्हा वाचता आलं.

तुझा फैझाली शांत आहे हे वाचून बरं वाटलं. सत्तावीस वर्षांची होईपर्यंत तू थांबलीस, त्यात बोलका नवरा मिळाला असता तर तुला एक शब्द बोलायला मिळाला नसता. मागच्या वर्षी तुझं तीन महिन्यांचं गेलं, त्याचं मनाला लावून घेऊ नकोस. होईल गं.

इकडे तुझा भाऊ नेमत घाट उघडताच रशियाला गेला. इमारतींची कामं. पोरं चारही बरी आहेत. धाकटी शबनम पंधरा महिन्यांची झाली, दूध सोडायला तयार नाही, आणि मीही तिला सोडायला लावत नाही. का ते तुला सांगायलाच हे पत्र लिहितेय.

तोजी, मला पाचवं नको.

शबनमच्या वेळी तू माहेरी होतीस. तूच माझे पाय उशीवर धरून बसली होतीस, बाहेर बर्फ छातीपर्यंत आलं होतं आणि माझं रक्त थांबत नव्हतं. नर्सबाई शरोफत कुराणातलं जे येईल ते पुटपुटत होती. वसंतात मी तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले तर त्या म्हणाल्या, "पुढची चार-पाच वर्षं नाव काढू नकोस. तांबी बसवून घे." सासूबाई बाहेर बाकावर शबनमला घेऊन बसल्या होत्या. मी बाहेर आले आणि म्हणाले, "सगळं ठीक आहे."

ठीक कसलं? पाजतेय तोवर दिवस जात नाहीत म्हणतात, आता दूध आटलं की तोही आडोसा संपला. नेमत नोव्हेंबरात येईल, बर्फाने घाट बंद व्हायच्या आधी, आणि घाट उघडेपर्यंत घरी असेल. म्हणजे नोव्हेंबरच्या आत मला तालुक्याला जाऊन यायला हवं. आणि सून सासूशिवाय तालुक्याला जात नाही, हे तुला नव्याने सांगायला नको. शरोफतला सांगावं तर ती तुझ्या आईची सख्खी चुलत बहीण. माझ्या तोंडातून निघालेलं तिच्या चहात पडायच्या आत तुझ्या आईच्या कानी पोचतं.

आणि सासूबाईंना मी कोणत्या तोंडाने सांगू? ज्या बाईने दहा पोरं वाढवली म्हणून सोव्हिएत सरकारने सोन्याचा तारा दिला, जी आजही प्रत्येक लग्नाला तो तारा छातीवर लावून पहिल्या रांगेत बसते? शिवाय माझं तोंड माझं वैरी. आठवतं, लग्नानंतर चौथ्या दिवशी बायका मला बघायला आल्या होत्या? कोणीतरी विचारलं, किती पोरं हवीत? आणि मी एकोणीस वर्षांची शहाणी, रुमाल सावरून म्हणाले, "सासूबाईंसारखाच दुसरा तारा आणीन!" केवढ्या टाळ्या पडल्या. तू तर माझ्या पाठीत गुद्दा घातला होतास.

तू लेक आहेस. शेंडेफळ. तुझ्या आईला एक शब्द टाक ना.

तुझी,
होसियत

*

नवोबोद, १७ मे २००४

वहिनी, सलाम.

पत्र मिळालं. इकडे कापसाची विरळणी चालू आहे, पाठ मोडते. ऊन तर असं की भाकरी रानातच भाजून निघेल.

तू म्हणतेस ते मला समजतं. पण आईला मी काही लिहिणार नाही. हे काय पत्रात लिहायचं असतं का? मी इतक्या लांबून लिहिणार, ती चष्मा लावून वाचणार, आणि तू समोर बसून जर्दाळू निवडणार. तूच बोल. आई काय वाघ आहे? फार तर ओरडेल. ओरडून झालं की चहा मागते, हे दहा वर्षांत तुला कळलं नाही का?

मी ठीक आहे. जास्त लिहीत नाही, इबोदचा भाऊ जीप सुरू करून बसलाय.

तोजिनिसो

*

खुशोब, २६ जुलै २००४

वन्सं,

तुझं पत्र म्हणजे तहसिलातली नोटीस होती. राग आला. मग म्हटलं कापसात राबते बिचारी, जाऊ दे.

पण आता ऐक. आठवडाभर आम्ही सगळ्या धाब्यावर. या वर्षी जर्दाळू इतके लागलेत की गल्लीभर धाबी पिवळी झालीत. आम्ही बायका बी काढतोय, पोरं खातायत, गांधीलमाश्या पोरांना खातायत. मी मजेत होते अगदी. तेवढ्यात खालून खटखट ऐकू आली. बघते तर सासूबाईंनी माळ्यावरून पाळणा उतरवून घेतलेला! तोच, आपल्या घरचा, ज्यात तुम्ही दहा भावंडं झोपलात आणि माझी चारही. एक पाय निखळला होता, रंग उडाला होता. दुसऱ्या दिवशी तो गाढवावर घालून नदीकाठच्या सुतारबाबांकडे गेला.

काल परत आला. लाल, हिरवा, फुलं काढलेली, नवा पाय. वरच्या दांडीला नवे मणी. सासूबाईंनी मला हाक मारली. म्हणाल्या, "बघ गं, रंग बरा आहे का?"

मी काय म्हणणार? "छान आहे आई."

"घाट बंद व्हायच्या आत झालं एकदाचं," म्हणाल्या, आणि माझ्याकडे बघून हसल्या. तोजी, तुझी आई माझ्याकडे बघून हसली! दहा वर्षांत मोजून चार वेळा हसली असेल, आणि चारही वेळा माझ्या पोटात पोर होतं.

घाट बंद व्हायच्या आत म्हणजे नेमत यायच्या आत, नाही तर काय? पाळणा बैठकीच्या खोलीत कोपऱ्यात मांडून ठेवलाय. मी झाडलोट करते तेव्हा त्याला पाठ करून झाडते. परवा शबनमने रिकामा पाळणा हलवला तर मी तिच्या अंगावर अशी ओरडले की पोर घाबरून रडली. रिकामा पाळणा हलवू नये हे खरंच, पण मी त्यासाठी नव्हते ओरडले.

मला भीती वाटते गं. मरणाची नाही, म्हणजे ती पण वाटते. जास्त ही वाटते की मी गेले तर चौघं या पाळण्याभोवती बसतील.

तुझ्याशिवाय कोणाला लिहू? एकदा आईला लिही. एकच ओळ.

होसी

*

नवोबोद, १४ ऑगस्ट २००४

होसी,

एकच ओळ तुलाच लिहिते. पाळण्याचं मनावर घेऊ नकोस.

का ते विचारू नको. मला कसं माहीत तेही विचारू नको. पाळणा आहे तिथे असू दे, तुला चावत नाही तो. आईच्या मनात तसं काही नाही, माझ्या गळ्याची शपथ. आणखी महिना-दोन महिने दम धर, सगळं कळेल.

आणि तालुक्याचं आईशी बोल. बोल गं बाई. शाळेत मास्तरांशी भांडायला पहिली उभी राहायचीस, आता सासूपुढे कशाला मिठाची बाहुली होतेस?

जर्दाळू वाळले की थोडे आंबट बघून पाठव. इथे सगळं गोडच मिळतं.

तोजी

*

खुशोब, ६ सप्टेंबर २००४

वन्सं, मुबारक! मला मुबारक म्हण.

तुझी शपथ, तुझा दम धरणं, सगळं ठेव तुझ्यापाशी. माझं काम मी केलं, आणि कसं केलं ते ऐकून तू लोळशील.

समोरच्या ओयनिसोला मुलगा झाला. पहिलाच. तिच्या माहेरून पाळणा येणार होता, तो काही आला नाही, माहेरच्यांचं तुला माहीतच आहे. सासूबाई मावशींच्या घरी मयताला गेल्या होत्या, तीन दिवस. चौथ्या दिवशी येणार होत्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ओयनिसोची सासू दारात. म्हणते, "बीबीसोराच्या पाळण्यात दहा पोरं जगली, त्याचा गुण आमच्या पोराला लागू दे. थोड्या दिवसांसाठी द्याल का?"

आता सांग. पाळणा मागायला आलेल्याला आपल्यात कोणी नाही म्हणतं का? पाळणा नाकारला तर घराची बरकत जाते, हे तुझ्या आईनेच मला शिकवलं. मी म्हटलं, "थोडे दिवस कशाला मावशी? न्या, न्या!" स्वतः एका बाजूने धरून गल्ली ओलांडून दिला. आत भाकरी ठेवली, साखर ठेवली. त्यांनी तिथल्या तिथे पोराला पट्ट्यांनी पाळण्यात बांधलं आणि मला चहा पाजला.

आणि एकदा पोर बांधलं की ते स्वतःच्या पायाने चालायला लागेपर्यंत पाळणा त्या घरातून हलत नाही! वर्षभर तरी सुटका! कोपरा मोकळा! मी घरी येऊन तिथे एक गालिचा अंथरला आणि त्यावर बसून एकटीने चहा घेतला. मला इतकं हलकं वाटलं की मी गाणं म्हटलं, तू हसशील.

(ताजा कलम. पत्र बंद करायचं होतं, पण इबोद उद्या निघणार. सासूबाई आज आल्या. कोपऱ्याकडे बघितलं. "पाळणा?" मी सांगितलं. त्या उंबऱ्यावर बसल्या. ओरडल्या नाहीत. चहा दिला, घेतला नाही. नुसतं म्हणाल्या, "पोर बांधलं का?" मी म्हटलं, हो. मला वाटलं होतं मी जिंकेन. मग असं का वाटतंय गं, काहीतरी फुटलंय माझ्या हातून?)

होसी

*

नवोबोद, १९ सप्टेंबर २००४

होसियत, अगं गाढवे!

महागाढवे! तो पाळणा माझा होता!

मला सहावा महिना लागलाय. घे. सांगितलं. सातवा लागेपर्यंत कोणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, मागच्या वेळी तिसऱ्या महिन्यात गल्लीभर सांगून बसले होते आणि आठवड्यात गेलं. नजर लागते म्हणतात. खरं-खोटं खुदा जाणे, पण या वेळी मी आई सोडून कोणाला कळू दिलं नाही. आईलाही वेगळ्या चिठ्ठीत कुराणाची शपथ घालून गप्प बसवलं. लेकीच्या पहिल्या पोराला पाळणा आईने आणायचा, आणि बाळ हिवाळ्यात येणार, म्हणून ती बिचारी उन्हाळ्यातच कामाला लागली. घाट बंद व्हायच्या आत इबोदच्या जीपवर चढवून पाठवणार होती. म्हणून हसली ती तुझ्याकडे बघून! नातवंड येणार म्हणून! आणि तू दिलास उचलून ओयनिसोला, वर भाकरी आणि साखर!

पत्र वाचून मी आधी रडले. मग तू गालिच्यावर बसून एकटी चहा पितेयस हे डोळ्यांपुढे आलं आणि इतकी हसले की फैझाली धावत आला, त्याला वाटलं कळा सुरू झाल्या. मग पुन्हा रडले. माझं बाळ काय कापसाच्या पोत्यात झोपणार?

चूक माझीही आहे. तू पत्रावर पत्र लिहीत होतीस, जीव टांगणीला लावून बसली होतीस, आणि मी माझं तोंड शिवून घेतलं होतं. एक ओळ लिहिली असती तर तू इतके दिवस भीत बसली नसतीस. माफ कर मला. नजरेला भ्यायले, आणि तुझीच नजर असल्यासारखं वागले.

पण आता पुरे. आई समजत असेल की तू तिच्यावर सूड उगवलास. जा आणि खरं सांग, का दिलास ते. पाचवं नको म्हणून, सगळं. या जीपने तुझं उत्तर आलं नाही तर मी स्वतः लिहीन आईला, तुझ्या सगळ्या पत्रांतली अक्षरं उतरवून. गणितं उतरवायची मला सवय आहेच.

तोजी

*

खुशोब, १२ ऑक्टोबर २००४

माझ्या तोजी,

आधी मुबारक. मग माफी. मग बाकी सगळं. बस निवांत, पाय वर घे, हे पत्र लांब आहे.

तुझं पत्र वाचलं आणि मला जमिनीने गिळावं असं झालं. सासूबाई अंगणात तुतीखाली जर्दाळूच्या बिया फोडत बसल्या होत्या. पंधरा दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होत्या. मी समोर जाऊन बसले, एक दगड उचलला आणि बी ठेवून ठोकलं ते माझ्या अंगठ्यावर.

त्या म्हणाल्या, "दगड खाली ठेव आणि मग बोल. मघापासून तोंड उघडतेस आणि मिटतेस."

मी म्हटलं, "आई, तो पाळणा माझ्यासाठी आहे असं मला वाटलं. म्हणून देऊन टाकला. तोजीचं मला माहीत नव्हतं."

"तुझ्यासाठी असता तर द्यायचं कारण काय?"

"मला पाचवं नको." म्हटलं एकदाचं. आणि एकदा म्हटल्यावर थांबलेच नाही. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते, बाहेर येऊन मी खोटं बोलले ते, नेमत येणार ते, रक्त, बर्फ, सगळं. रडत होते की ओरडत होते मला माहीत नाही. ओयनिसोच्या सासूने भिंतीवरून डोकावलं, तर सासूबाईंनी हातातलं बी तिच्या दिशेने भिरकावलं.

मग मला म्हणाल्या, "दहा वर्षं या घरात आहेस. हे एकदा तरी बोललीस का?"

"तुमचा तारा..." मी म्हटलं.

"ताऱ्याचं ऐक मग," म्हणाल्या. आणि तोजी, त्यांनी जे सांगितलं ते तुझ्या नऊ भावंडांपैकी कोणाला माहीत नाही. मी विचारलं, तोजीला लिहू का? म्हणाल्या, "तिलाच लिही. तिचाच त्यात हात आहे."

तू वर्षाची झालीस तेव्हा तारा आला. तुझ्या वेळीही आईंचं माझ्यासारखंच झालं होतं, दोन महिने उठल्या नव्हत्या. सामुदायिक शेतीच्या ट्रकमधून तीन बायकांना तालुक्याला नेलं. बँड वाजला, भाषणं झाली, छातीवर तारा टोचला. मग म्हणाले, जेवणाला अजून अवकाश आहे, बाजार बघून या. बाकीच्या दोघी बाजारात गेल्या. आई तुला कडेवर घेऊन, नव्या कोऱ्या ताऱ्यासकट, थेट बायकांच्या दवाखान्यात गेल्या.

"रशियन डॉक्टरीण होती," म्हणाल्या. "तिने ताऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आतून कडी लावली. तेव्हा तांबी प्लास्टिकची असायची, वेटोळ्यासारखी. तोजीला एका नर्सने धरलं, ती नर्सच्या टोपीवर ओकली. मग मी जाऊन पुलाव खाल्ला, टाळ्या वाजवल्या आणि ट्रकमध्ये बसून घरी आले."

"आणि मामंजी?"

"ते मरेपर्यंत म्हणायचे, खुदाने दहावर हात आखडला. मी म्हणायचे, हो ना."

तोजी, मी हसू की रडू? ज्या ताऱ्याला मी दहा वर्षं भीत होते, तो लावून ही बाई तांबी बसवून आली होती!

मी म्हटलं, "मग मला कधी का नाही सांगितलंत?" तर म्हणाल्या, "तूच नव्हतीस का म्हणालीस, दुसरा तारा आणीन? सगळ्या गल्लीसमोर? मला वाटलं, हिला हौस आहे. सुनेच्या हौसेत सासूने कशाला पाय घालायचा." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "मीही विचारायला हवं होतं. शबनमच्या वेळी तुझा हात गार पडला होता, तो मी धरला होता. तरी विचारलं नाही." आणि माझा ठेचलेला अंगठा हातात घेऊन त्यावर फुंकर घातली, पोराला घालतात तशी.

दुसऱ्या दिवशी इबोदच्या जीपमध्ये आम्ही दोघी. आणि तुझ्या आईने काय केलं असेल? तारा लावला! मी म्हटलं, आई, लग्नाला चाललोय का? म्हणाल्या, "गप बस. कागदं लवकर होतात."

दवाखान्यात खिडकीत एक पोरगी होती, कागद भरणारी. म्हणाली, नवऱ्याने हो म्हटलंय का? घरातल्या मोठ्यांनी? आई पुढे झाल्या, तारा तिच्या नाकासमोर. "मोठी मी. दहा पोरांची आई. मला कोणी विचारलं नव्हतं, म्हणून हिला विचारून आणलंय. लिही, ही स्वतः हो म्हणते." त्या पोरीने उठून आम्हाला खुर्ची दिली.

झालं, तोजी. दोन दिवस पोटात दुखलं, आता काही नाही. परतताना आईंनी मला सरबत पाजलं, स्वतः दोन पेले प्यायल्या. काल रात्री मी शबनमला कुशीत घेऊन झोपले ती सकाळीच उठले. किती महिन्यांनी अशी झोप लागली.

पाळण्याचं तेवढं माझ्या मानगुटीवर आहे. बांधलेलं पोर काढता येत नाही. आई म्हणतात, नशीब. मी काहीतरी करीन.

तुझी, आणि आता निवांत,
होसी

*

नवोबोद, ३० ऑक्टोबर २००४

होसी,

घाट बंद व्हायच्या आधीची ही शेवटची जीप, म्हणून घाईत.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा मला लागलं, खोटं कशाला बोलू. मी शेंडेफळ म्हणून आयुष्यभर मिरवले आणि निघाले दाराची कडी! दुसऱ्यांदा वाचताना नर्सच्या टोपीपाशी आले आणि हसू फुटलं. तिसऱ्यांदा आईच दिसायला लागली. वर्षाचं पोर कडेवर, छातीवर तारा, आणि दवाखान्याचं दार एकटीने ढकलतेय. माझ्याएवढीच... नाही गं, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. कोणाला सांगता आलं नाही तिला. निदान तुला मी होते, अर्धवट का होईना.

आईला सांग, तिला मिठी मारावीशी वाटते.

पाळण्याचा घोर सोड. फैझालीने तंबूच्या कापडाची झोळी बांधलीय, स्वतः बसून बघितली, दोर तुटला. आता जाड दोर आणलाय.

खुदाच्या हवाली. वसंतात बोलू.

तोजी

*

नवोबोद, १८ मे २००५

होसी! उशिरा का होईना, घाट उघडला! आणि माझ्याकडे मुलगी आहे!

२८ डिसेंबर. दुपारी. सगळं नीट झालं. साडेचार महिन्यांची आहे, डोळे आईचे, राग फैझालीच्या आईचा. नाव सितोरा ठेवलं, माझ्या आईच्या ताऱ्यावरून. झोळीत झोपते, पण झोळीतून तिला फक्त छत दिसतं, म्हणून चिडते.

आणि ऐक, दवाखान्यातून निघताना मी तांबीचं विचारून आले. दुसरं हवंय मला, पण तीन वर्षांनी. फैझालीला सांगितलं तर तो म्हणाला, बरं. त्याचं सगळ्यालाच बरं असतं.

नेमतभाऊ काय म्हणाला? ते मला अजून कळलंच नाही. लिही!

तोजी

*

खुशोब, २० जून २००५

तोजी, सितोराच्या आई,

या पत्राबरोबर इबोदच्या जीपच्या टपावर बघ. तोच तो! लाल, हिरवा, थोडा खरचटलेला.

तू म्हणशील, ओयनिसोचा पोरगा नऊ महिन्यांचा, इतक्यात चालला कसा? अगं, त्याला चालवलं! बर्फ वितळल्यापासून अख्खी गल्ली त्याच्या मागे. मी त्याला रोज गालिच्यावर उभा करायची, माझी पोरं समोरून सुके जर्दाळू दाखवायची. शरोफतने त्याच्या पायांना अक्रोडाचं तेल चोळलं. ओयनिसोची सासू तर दोन्ही बगलांत धरून त्याला मशिदीपर्यंत नेऊन आणायची. मागच्या शुक्रवारी त्याने शबनमच्या हातातली भाकरी हिसकायला तीन पावलं टाकली. तीन! साक्षीला अकरा बायका. ओयनिसोने त्याच दुपारी पाळणा धुऊन आणून दिला.

नेमतचं विचारलंस. तो पाच नोव्हेंबरला आला, घाट बंद व्हायच्या दोन दिवस आधी. पहिल्याच सकाळी, चहा ओतता ओतता, मी सांगून टाकलं. त्याने पेला खाली ठेवला. मग म्हणाला, "मला वाटायचं, आईला हवंय. मी तिकडे पोत्यावर झोपून हिशेब करायचो की पाचव्याला बूट कुठून आणू, आणि वाटायचं, आईला नाही कसं म्हणायचं."

पलीकडच्या खोलीतून आवाज आला, "आईला चहा हवाय!"

म्हणजे बघ तोजी. मला नको होतं, त्याला नको होतं, आईला तर मुळीच नको होतं. आणि तरी ते पोर येणारच होतं, नुसतं आम्ही तिघं एकमेकांची भीड धरून बसलो होतो म्हणून. आठवलं की आजही मी उठून चौघांना जवळ ओढते, ती पळून जातात.

मी सुखात आहे गं. आता पुरे, आईला काहीतरी लिहायचंय, त्या चष्मा शोधतायत.

होसी

तोजी,

रिकामा पाळणा पाठवू नये म्हणून आत भाकरी, साखर आणि माझा तारा ठेवला आहे. कोणाला दाखवत बसू नकोस. वरच्या दांडीला मण्यांच्या मधोमध बांध. हलवलं की चकाकतो. पोरीला छत बघायचा कंटाळा येतो म्हणतेस ना.

मला तो दहा पोरांवर मिळाला होता. तिला असाच दे, खेळायला.

आई